एकदा वाजलं तर थांबायचं

शिरूर अनंतपाळमध्ये उमाशंकरांच्या गाडीला कुणी सरळ गाडी म्हणत नसे. कुणी होडी म्हणे, कुणी चप्पल. दोनच सीटा, लांबलचक बॉनेट, जुन्या काळच्या शर्यतीच्या गाड्यांसारखे फुगीर मडगार्ड आणि मागे निमुळतं होत गेलेलं शेपूट. इंजिन एका मोडीत निघालेल्या छोट्या कारचं, बाकी सगळं घरामागच्या शेडमध्ये हातानं ठोकलेलं. लातूरला तीस वर्षं बसच्या बॉड्या बांधलेला हा माणूस, निवृत्तीनंतर स्वस्थ बसेल तर शपथ.

पत्र्याला गोलाई आणायला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून हातोडी मारायची, दुसऱ्यानं आतून नेमक्या त्याच जागी लोखंडी ठोकळा धरायचा. ठोकळ्याला गॅरेजवाले डॉली म्हणतात. डॉली मागे असली की आवाज भरीव येतो, टक्. नसली की पोकळ, ठण्ण. शेपटात अंग चोरून बसायचं आणि डॉली धरायची, हे काम महादेवीचं, उमाशंकरांच्या बायकोचं. ठोकाठोकीत हाक ऐकू जात नाही, म्हणून नवराबायकोनं खूण ठरवली होती. आतून दोनदा वाजलं तर मारा. एकदा वाजलं तर थांबा, हात मध्ये आहे.

एकदा उमाशंकर घाईत थांबले नाहीत. महादेवीच्या अंगठ्याचं नख काळं पडलं ते पडलंच. ती हसून सोडून देई. पण ताटात भाकरी वाढताना ते नख दिसलं की उमाशंकर मान वळवत.

श्रावणात महादेवी तापानं गेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिला शेतात बसवून माती दिली. माती खांद्यापर्यंत आली तेव्हा उमाशंकर एकदाच ओरडले, "थांबा!" लोकांना वाटलं, दुःखानं. त्यांची मुलगी शिवानी, तिनं त्यांना दोन्ही हातांनी धरून मागं ओढलं. लोकांनी माती सारखी केली.

त्यानंतर चार महिने शेड बंद होती. शिवानी लातूरहून यायची आणि एकच धोशा लावायची, "अप्पा, आता एकटं ऱ्हाऊ नका. माझ्याकडं चला."

"गाडी पुरी करतो. तिच्यातच बसून येतो," उमाशंकर म्हणायचे. शेपूट तेवढं राहिलं होतं. ते अर्धवट टाकायचं म्हणजे महादेवीची मेहनत भंगारात घालायची, आणि ते त्यांच्यानं होणार नव्हतं.

संक्रांतीच्या आधी शिवानी दोन दिवसांसाठी आली. जेवणं झाल्यावर उमाशंकर शेडमध्ये गेले आणि एकटेच ठोकू लागले. ठण्ण. ठण्ण. पत्रा नुसता थरथरत होता. मग आवाज बदलला. टक्.

'आली वाटतं पोरगी मदतीला,' त्यांच्या मनात आलं. सीटच्या पाठीमुळे आतलं माणूस मागून दिसत नसे.

"हात सांभाळ गं," ते ओरडले.

आतून दोनदा वाजलं. खूण हिला आईनं सांगितली असणार, असं म्हणून ते ठोकत राहिले. दोन तासांत शेपूट असं गुळगुळीत झालं की तळहात अडकेना.

तेवढ्यात शिवानी फाटकातून आत आली, हातात भाजीची पिशवी. "अप्पा, चहा ठिवू का? बाजारात लई गर्दी हाय बघा."

उमाशंकर पुढे गेले आणि सीटमागे वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. डॉली पडली होती, उबदार. त्यांनी ती दोरीनं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि चहा प्यायले. खोटं कशाला बोला, त्यांना बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेवटचं काम. सीटमागचा पत्रा वेल्डिंग करून शेपूट कायमचं बंद करायचं. त्याआधी त्यांनी आत तोंड घालून हळूच विचारलं, "बंद करू…?"

काहीच वाजलं नाही. त्यांनी तो होकार धरला.

संध्याकाळी काम संपलं. शिवानीनं गाडीला हळदकुंकू लावलं, बेलाचं पान ठेवलं. ती वळली आणि शेपटातून आवाज आला.

टक्.

उमाशंकरांचा चेहरा उतरला.

"पत्रा गार हुतोय, अप्पा. वेल्डिंगचा आवाज हाय."

"तवाबी असंच आलतं," ते म्हणाले.

"कवा?"

ते शेपटाला कान लावून वाकले. श्रावणातल्या त्या दिवशी आईच्या खड्ड्याच्या काठावरून आपण त्यांना मागं ओढलं होतं, ते शिवानीच्या तळहातांना आठवलं.

सकाळी पत्रा पार गार पडला होता. दोघं शेडच्या दारात उभी होती.

टक्.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदाच.

शिवानीनं भिंतीकडं पाहिलं. खिळा रिकामा होता. तिनं आपणहून ग्राइंडरची पिन बोर्डात घातली. उमाशंकरांनी वेल्डिंगची जोडणी कापून काढली. आत कुणी नव्हतं. फक्त डॉली होती, ओल्या काळ्या मातीनं माखलेली. शेडला सिमेंटची फरशी होती आणि पाऊस जाऊन तीन महिने झाले होते.

"अप्पा…" शिवानी म्हणाली.

उमाशंकर मागं वळले होते आणि कोपऱ्यातली अवजारं बाजूला सारत होते.

"शिवानी," ते म्हणाले, "फावडं कुठं हाय?"