काही नको म्हणणारा

सोफ्याच्या दुकानात तो शिरला तेव्हा तिला वाटलं, गिऱ्हाईक आहे.

"काय दाखवू?" तिने सवयीने हसून विचारलं.

"काही नको. पाटी रंगवतोय बाहेर. पाय अवघडले म्हणून… जरा बसू?"

दुकानातल्या सगळ्यात महागड्या सोफ्यावर तो टेकला आणि लगेच उठला.

"का हो, आवडला नाही?"

"आवडला. म्हणूनच उठलो."

ती खळखळून हसली. पाटी दोन दिवसांत व्हायची, ती आठवडाभर चालली.

दिवसभर लोकांच्या मनात हाव पेरायची हे तिचं काम. संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेली की जीव थंड व्हायचा. एक चटई, एक स्टोव्ह, खिडकीत सुकणारे ब्रश. कप एकच होता… तो तिच्यासाठी दुसरा घेऊन आला, तेव्हा चोरी पकडल्यासारखा लाजला.

"माझ्यासाठी संसार वाढवलास की," ती म्हणाली.

"एका कपानं काय होतंय," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला.

तिथे तिला काहीच कमी वाटायचं नाही. तिची ताई मात्र चिडायची. "चटईवर संसार करणार आहेस का?" "हो," ती म्हणायची, आणि तिला ते खरंच हवं होतं.

मग मालकाने तिला दूरच्या शहरातली मोठी शाखा देऊ केली. पगार, फ्लॅट, सगळं. तिला ते नको होतं. तिला फक्त त्याच्याकडून एक शब्द हवा होता.

"जाऊ का?" तिने विचारलं.

तो बराच वेळ ब्रश पुसत राहिला. "तुला बरं वाटत असेल तर… जा."

"आणि तुला?"

"माझं काय. माझं भागतं."

रागाच्या भरात तिने होकार कळवला. तरीही रोज त्या शब्दाची वाट पाहिली. तो रोज तसाच ब्रश पुसायचा.

बसपाशी तो तिची बॅग घेऊन आला. तिने हात पुढे केला, पण त्याची मूठ सुटेना.

"एकदा तरी काही माग की रे," ती कुजबुजली.

"लहानपणी काही मागितलं की आई रडायची," तो म्हणाला. "घरात नसायचंच ना… मग सोडूनच दिलं."

"मी आई नाहीये."

त्याने मान हलवली. मग त्याने बॅग तिच्या हातात दिली.

बस वळेपर्यंत तिने कसंबसं आवरलं. मग रडली, त्याने काहीच मागितलं नव्हतं, तरी.