राघोपंतांच्या पत्नीचं नाव

सन २०५८. सांगलीच्या मनोरेखन प्रयोगशाळेत तांबवेकर कुलवृत्तांत मंडळाची मासिक सभा भरली होती. मागच्या महिन्यात कुलदैवतांवर व्याख्यान झालं, त्याआधी वंशावळ मांडण्याचा वर्ग. आज तर साक्षात मूळपुरुषाचं भाषण होतं. वैद्य राघोपंत, वारून दीडशे वर्षं झालेले.

मृण्मयीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. निवृत्त शिक्षिका ती, कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं तिनेच डोळ्यांत तेल घालून तपासली होती. उद्या ती आवृत्ती छापायला जाणार होती. त्यात राघोपंतांचं तीन पानी चरित्र, त्यांच्या घोड्याचंसुद्धा नाव. आणि पत्नीपुढे 'नाव उपलब्ध नाही.'

"घोड्याचं नाव सापडतं, शिरीषदादा, आणि सात लेकरं जिने वाढवली तिचं सापडत नाही?"

"लेखी पुरावा आण, लगेच छापतो," अध्यक्ष शिरीषदादा म्हणाले. "राघोपंतांची दोनशे पत्रं आहेत. तिची एक ओळ तरी आहे का?"

"वाचलीत तुम्ही ती पत्रं?"

"मोडी कुणाला येते आता? खाली सही आहे, तेवढं पुरे."

घ्या! स्वतः एक अक्षर वाचायचं नाही आणि पुरावा मागायला पुढे. मृण्मयी दातओठ खात खुर्चीत बसली.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. तन्वीर शिकलगार उठले. "माणसाचं मन त्याच्या लिखाणात उतरतं," ते म्हणाले. "कुठला शब्द आधी सुचला, लेखणी कुठे थबकली, काय खोडलं, यावरून आमचा मनोरेखक ते मन पुन्हा उभं करतो. मोडी त्याला येते. तुमच्या घराण्याच्या जुन्या ट्रंकेतले एकाच हस्ताक्षरातले सगळे कागद त्याने घेतलेत, पत्रं आणि खाजगी वह्यासुद्धा. चेहरा आणि आवाज तेवढा शिरीषरावांनी दिलेल्या तैलचित्रावरून बेतलाय."

"आणि सही?" मृण्मयीने विचारलं.

"सही तो बघत नाही, ताई. लिहिलं कुणी, एवढंच बघतो."

मंचावर प्रकाशाचा पुतळा उभा राहिला. पगडी, झुबकेदार मिशा, घोगरा आवाज. प्लेगाच्या साथीत गावाबाहेर झोपड्या कशा बांधल्या, तापाने फणफणलेल्या पोरांना काढा कसा पाजला, बाळंतिणींना वेगळं कसं ठेवलं, सगळं बारीकसारीक सांगितलं. शिरीषदादांच्या डोळ्यांना पाणी आलं. "काय हा पुरुष," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मृण्मयी उठली. शिरीषदादांनी वेळ संपल्याची खूण केली, तिने तिकडे पाहिलंही नाही.

"राघोपंत, तुमच्या पत्नीचं नाव काय? या लोकांना ते कुठेच सापडत नाही."

पुतळा गोंधळला. "मला पत्नी कुठली? यजमान होते माझे. घोड्यावर बसून हिंडायची हौस फार, नाडी मात्र कळत नसे. औषध ठरवायचं मी, पत्र लिहायचं मी, खाली सही त्यांनी करायची. बाईचं औषध कोण घेणार, म्हणायचे. माझं नाव भिवरा."

तैलचित्राला घालायला आणलेला हार शिरीषदादांच्या हातात तसाच राहिला.

"नाव तर प्रत्येक वहीच्या पहिल्याच पानावर आहे," त्या मिशांआडून भिवराबाई म्हणाल्या. "दीडशे वर्षांत तुमच्यापैकी एकानेही उघडून बघितलं नाही?"