काचेतली नवरी

तापलेला कर्लर केसांतून सुटेना. अफीफाने तो जोर लावून ओढला, तसा डमीच्या डोक्यावरचा अख्खा झुपका गुळाच्या पाकासारखा तार धरून लोंबत बाहेर आला.

खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास पसरला. परीक्षेला बसलेल्या मुलींचे हात जागच्या जागी थांबले. शेजारच्या गाळ्यातले लूम तेवढे खडखडत राहिले.

परीक्षक तुळजा भोईर खुर्चीतून उठली. बाई मूळची दापोड्याची, ठाण्यात तिचं स्वतःचं सलून, आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार. भिवंडीत कामतघरच्या या संस्थेत हेअर स्टायलिस्टच्या प्रमाणपत्राची शेवटची प्रॅक्टिकल घ्यायला ती आली होती आणि आल्यापासून तिला काही म्हणता काही पसंत पडलं नव्हतं. जिना अरुंद, आरसे मळके. खालच्या पार्लरच्या काचेत डमीचं डोकं बसवून नऊवारीतली नवरी उभी केली होती. नवरीच्या डाव्या बाजूने ऊन थेट तोंडावर येतं तिथे ताजा गजरा माळणाऱ्या माणसाच्या अकलेचंही तिला येता येता नवल वाटलं होतं.

"ही डमी कुणाची?"

"माझी," अफीफा म्हणाली. "पण माझी खऱ्या केसांची होती, मॅडम. काल मीच शाम्पू केला तिला."

"मग हे काय हाय?"

नियम सगळ्यांना पाठ होता. परीक्षेला डमी खऱ्या केसांचीच लागते. नकली केस म्हणजे फसवणूक, आणि फसवणुकीचा शेरा पडला की दोन वर्षं परीक्षेचं दार बंद.

"स्वस्तातली उचलली असेल," शेजारच्या टेबलावरून नेत्रा म्हणाली. "आणि वर पहिली येणार म्हणून मिरवत होती."

एवढ्यात संस्थेच्या मालकीण माधवी पुढे आल्या. खालचं पार्लरही त्यांचंच. त्यांनी अफीफाच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोर साधी आहे हो. दुकानदाराने फसवलं असणार. तुम्ही शेरा मारा, नियम तो नियम. दोन वर्षं माझ्याच पार्लरमध्ये हाताखाली राहील. मी सांभाळून घेईन तिला."

दारात अफीफाचे चाचा मुनीर उभे होते. त्यांचा चेहरा आधीच आंबला होता.

"मॅडम, मला पास का नापास एवढंच सांगा. समोरचा गाळा मी हिच्यासाठी रिकामा ठेवलाय. सर्टिफिकेट मिळालं तर तिथे हिचं पार्लर. नाहीतर आजच गोडाऊनवाल्याला चावी देतो. पार्टी नीचे खडी है."

"चाचा, थोडं थांबा ना," अफीफा म्हणाली.

"किती थांबू? घरात सगळ्यांशी भांडून ठेवलाय तो गाळा."

तुळजाच्या कपाळाची शीर उडायला लागली. घाई करणाऱ्या माणसांचा तिला मनापासून राग यायचा.

"निकालावर सही माझी लागते," ती म्हणाली. "ती होईपर्यंत इथून कुणी हलायचं न्हाय."

तिने डमी उजेडाकडे वळवली. मानेवर मार्करने घातलेला नंबर अफीफाचाच होता. उजवा गाल गव्हाळ, डावा मात्र विटून पांढुरका पडलेला. नाकाच्या डाव्या पाळीवर धूळ बसलेला चिकट ठिपका. तुळजाने तो नखाने खरवडला आणि बोट पुसलं.

मग ती बाकीच्या टेबलांवरून फिरली. बाकी सगळ्या डम्यांचे दोन्ही गाल सारखे होते. प्रत्येकीच्या मानेशी, केसांच्या आत, करंगळीएवढी बारीक वेणी होती, टोकाला रंगीत दोऱ्याची गाठ. अफीफाच्या डमीला ती नव्हती.

तुळजाने पर्समधून काडेपेटी काढली. भिवंडीत सूत ओळखायला कुणी शाळेत जात नाही. दोरा पेटवायचा, सुती असला तर राख होते, पॉलिस्टर असला तर गोळी. तिच्या आईने आयुष्यभर लूमवर काम केलं होतं आणि हा खेळ तुळजा लहानपणापासून खेळली होती. अफीफाच्या डमीचा केस पेटवला, त्याची टणक काळी गोळी झाली. अफीफाच्या ब्रशात कालचे केस अडकले होते. त्यातला एक पेटवला, तो करपट वास मारत चुरगळला.

"म्हणजे काल डमीला खरे केस होते," मुनीर म्हणाले.

"ब्रशातले केस हिच्या स्वतःच्या डोक्याचेही असतील," माधवी शांतपणे म्हणाल्या.

"असतील," तुळजाने कबूल केलं. ते कबूल करावं लागल्याचा तिला भारी संताप आला.

ती नेत्राकडे वळली.

"काल डम्या कुठे ठेवल्या?"

"कपाटात. कुलूप मी लावलं, सकाळी मीच काढलं. म्हणजे आता चोर मी?"

"दुसरी चावी कुणाकडे?"

"माधवी मॅडमकडे."

"हिच्यावर तुझा एवढा दात का?"

"का नसणार? पार्लरमध्ये येणारी प्रत्येक बाई म्हणते, अफीफाच पाहिजे. आम्ही काय केर काढायला आलोय इथे? परवा एक बाई मॅडमच्या तोंडावर म्हणाली, अफीफाचं दुकान निघू दे, आम्ही सगळ्या तिकडे."

"खालच्या काचेच्या कपाटाची चावी असते तुझ्याकडे?"

"शोकेसची? तिला हात लावलेला मॅडमना चालत नाही. चावी त्यांच्या कमरेला असते."

तुळजाने अफीफाला समोर बसवलं.

"सकाळी केसांत हात घातलास, तेव्हा कळलं न्हाय? वर्षभर शिकलीस काय मग?"

"कळलं. केस निसटत होते. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, सगळ्यांच्या डमीला सिरम लावलंय, गुपचूप कामाला लाग."

"नेत्रा, तुझ्या डमीला सिरम होतं?"

नेत्राने आधी अफीफाकडे पाहिलं, मग माधवी मॅडमकडे. अफीफाच्या बाजूने शब्द काढणं तिच्या जिवावर आलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "कुणाच्याच नव्हतं."

"आणि ही मानेवरची वेणी कसली?"

"कसली वेणी?" माधवींनी विचारलं. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"आमची खूण आहे," नेत्रा म्हणाली. "मार्करचा नंबर धुताना जातो. मॅडम दर वेळी नवा घालतात, त्यात डम्या अदलाबदल व्हायच्या आणि भांडणं लागायची. म्हणून आम्ही आपापल्या रंगाचा दोरा बांधतो."

"तुझा कुठला गं, अफीफा?"

"हिरवा. अब्बांच्या लूमवरचा. आज दिसला नाही. वाटलं, सिरम लावताना मॅडमनी वेणी सोडली असेल."

"चला खाली," तुळजा म्हणाली.

पार्लरमध्ये सगळे काचेसमोर उभे राहिले. आत नवरी छान नटली होती. नथ, मुंडावळ्या, अंबाड्यावर गजरा.

"उघडा."

"लग्नसराईचा डिस्प्ले आहे तो, विस्कटेल," माधवी म्हणाल्या. "परीक्षेशी त्याचा काय संबंध?"

"तुम्ही उघडता का मी काच फोडू?"

माधवींनी कमरेची चावी काढली. कुलपाला ती दोनदा चुकली.

"आता ऐका," तुळजा म्हणाली. "वरच्या डमीचा डावा गाल उन्हाने खाल्लाय. नवी डमी खोक्यातून निघते आणि कपाटात जाते, तिला ऊन कुठलं लागायला? या काचेत मात्र ऊन डावीकडून येतं. वरच्या डमीच्या नाकावर गोंद हाय. नाकाला गोंद कुणाच्या लागतो? नथ चिकटवतात तिच्या. आणि ही नवरी बघा. एवढ्या उन्हात उभी, तरी दोन्ही गाल सारखे. कालपासूनच उभी हाय ना इथं."

"दुसरी आणली मी," माधवी म्हणाल्या.

"एकाच व्यापाऱ्याच्या सगळ्या डम्या, म्हणून तोंडवळा तोच. नवी नकली डमी आणायला गेला असतात तर त्याच्या तोंडून बाहेर फुटलं असतं. म्हणून काचेतली जुनी, नकली केसांची वर नेलीत आणि मानेवर हिचा नंबर घातलात. नंबर तुम्हीच घालता, कोण विचारणार? लग्नाच्या दिवसांत काच रिकामी ठेवली तर चारचौघी विचारणार, म्हणून हिची डमी नवरी झाली. वरच्या कपाटाच्या चाव्या दोघींकडे. शोकेसची एकीकडेच."

"बोलायला काय जातं? पुरावा दाखवा."

तुळजाने नवरीचा अंबाडा उचलला. मानेशी, केसांच्या आत, करंगळीएवढी वेणी होती. टोकाला हिरवा दोरा.

माधवींच्या चेहऱ्यावरची माया सपशेल उतरली.

"हिला कात्री धरायला मी शिकवलं," त्या अफीफाकडे बोट करून म्हणाल्या. "आणि ही समोरच दुकान काढणार, माझ्या बायका घेऊन जाणार. मी काय आरती ओवाळू हिची?"

"मी तुम्हाला आपा, मोठी बहीण मानत होते," अफीफा म्हणाली. "वर सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवलात तुम्ही माझ्या."

तिने नवरीची नथ उपटली, माधवींच्या तळहातावर ठेवली आणि डमी काखेत मारून जिना चढू लागली.

"मॅडम, वेळ वाढवून मिळेल?" तिने वरून विचारलं.

"फुकट गेलेला मिळेल. वर एक मिनिट न्हाय."

अफीफाच्या कर्लरवर प्लास्टिक थिजलं होतं. नेत्राने आपला कर्लर तिच्या टेबलावर आपटला. "घे. पुसून परत कर. आणि माझ्यापुढे गेलीस तर बघ."

मुनीर पायरीवर बसले होते. त्यांनी फोन कानाला लावला. "भाई, दुसरा गाला देख लो," ते म्हणाले आणि चावी खिशात टाकली.

पोटऱ्या दुखेपर्यंत उभं राहून तुळजाने एकेक बट तपासली. अफीफाचे मार्कही तिने हात आखडूनच दिले. नकली केस हाताला कळूनही जी गप्प बसते तिला पूर्ण मार्क कसले, असं तिने तोंडावर सुनावलं. पण पास केलं.

मग तिने माधवींना समोर बोलावलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"शेरा मारा म्हणालात ना? मारते. नाव तेवढं बदलते," ती म्हणाली, आणि निकालपत्रावर संस्थेच्या नावापुढे तिने ठळक अक्षरांत लिहिलं: फसवणूक.