मास्तरांच्या गाडीचा निळा धूर

जुनी गाडी सकाळी सुरू केली की मी आधी धूर बघतो. पांढरा येऊन विरला तर नुसती वाफ, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, निळा असेल तर ऑइल जळतंय. पण इंजिन रात्रभर थंड राहिलेलं हवं. म्हणून चावी फिरवण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवायचा, ही माझी तीस वर्षांची सवय.

निळा धूर कुठून येतो ते बघायला मास्तरांनी बोलावलं होतं. त्यांच्या गाडीचं बॉनेट गरम होतं.

"मास्तर, सुरू करू नका म्हणून बजावलं होतं ना?"

"मला कुठे येते चालवायला? ती करते. शाळेची वेळ झाली की."

मास्तरांची बायको जाऊन वर्ष झालं होतं. गाडी तिचीच, रोज तीच त्यांना शाळेत सोडायची. एकटा माणूस काहीबाही बोलायचाच, म्हणून मी सोडून दिलं. एकटा मीही राहतो, पण निदान दुसऱ्याच्या डोक्याला ताप देत नाही. संध्याकाळी येऊन मी चावी आणि बॅटरी, दोन्ही काढून घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या शेडचं दार उघडलं, तर गुडघाभर निळा धूर. मधोमध खुर्ची टाकून मास्तर बसलेले, डोळे मिटून, अगदी समाधानात.

"जरा उशीर केलात, मिस्त्री. आत्ताच गेली."

मी बॉनेटला हात लावला आणि झटकन मागे घेतला. बॅटरी माझ्या पिशवीत होती.

घाबरलो, हे कबूल करतो. आणि घाबरलो की मला राग येतो.

"व्हॉल्व्हची सीलं गेलीत. ऑइल आत झिरपतंय, बाकी काही नाही. बदलून टाकतो."

"नको हो. धूर कुठून येतो तेवढंच विचारलं होतं मी. तो बंद करू नका. मला दुसरं आहे काय?"

"बंद शेडमध्ये हा धूर घेत बसलात तर एक दिवस जीव जाईल!"

मी त्यांचं ऐकलं नाही. दिवसभर खपून सीलं बदलली. बॅटरी लावली, चावी फिरवली. धुराचा मागमूस नाही. काढलेले पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे, हा आमच्या धंद्यातला नेम. पण मास्तरांच्या तोंडाकडे बघवेना. आठ जुनी रबरी सीलं पत्र्याच्या डबीत टाकून मी तसाच घरी आलो.

सकाळी त्यांचा फोन आला.

"बॉनेट थंडगार आहे, मिस्त्री."

मग त्यांनी हळूच विचारलं,

"ती तुमच्याकडे तर नाही ना आली?"

मी स्वयंपाकघरात उभा होतो. ओट्यावरच्या डबीतून निळसर धूर निघत होता.

डबीवर तळहात ठेवला. गरम होती.

वीस वर्षं या घरात सकाळी माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

"नाही हो, मास्तर," मी म्हणालो, आणि धूर बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली.