दक्षिणेकडचे तंतू

शहराबाहेरच्या पाटन गावाहून पोल्ट्रीवाला दयाराम दर सोमवारी सकाळी अंडी घेऊन यायचा. तीस अंडी, सगळी फलित, दहा दिवस उबवलेली, स्कूटरवर गोधडीत गुंडाळलेली. शहरातल्या अधारताल भागातल्या एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत पुष्पा मेश्राम एकेक अंडं उजेडासमोर धरून पाहायची. मग आतल्या पिल्लाच्या मांडीतल्या स्नायूंच्या पेशी सुट्या करून चपट्या बश्यांत, ठरावीक उष्णता राखणाऱ्या मशीनमध्ये वाढवायची.

त्या पेशींवर ती डीएनएचा एक तुकडा टाकी. तो कुठल्या प्राण्याचा नव्हता. यंत्राने जोडलेली अठरा अक्षरं, म्हणजे डीएनएचे अठरा घटक. नखाएवढ्या नळीत, पांढऱ्या भुकटीच्या रूपात कुरिअरने येत. त्या तुकड्याने पेशींची संख्या वाढायची थांबे, त्या एकमेकींत मिसळत आणि दोन दिवसांत त्यांचे लांब तंतू होत. कोंबडी न कापता कोंबडीचं मांस, हे संचालक रत्नाकर सरांचं स्वप्न होतं. पुष्पाच्या मनात वेगळंच होतं. कांचघर मोहल्ल्यातल्या घरी तिची आई, लीलाबाई, दोन वर्षांपासून खाटेवर होती. पायांचे स्नायू विरघळल्यासारखे गेले होते. बशीतली कोंबडी आणि खाटेवरची आई यांच्यात किती अंतर आहे, हे पुष्पाला पक्कं ठाऊक होतं. तरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताना तिला आईच्या पोटऱ्या आठवायच्या.

एका बुधवारी तिला दिसलं की तो तुकडा टाकलेल्या नऊच्या नऊ बश्यांत तंतू एकाच दिशेला आहेत. एरवी ते सांडलेल्या काड्यांसारखे कसेही पडलेले असत. तुलनेसाठी तुकड्याऐवजी नुसतं पाणी घातलेल्या बश्यांत ते आजही तसेच होते.

“मशीन तिरपी असेल, पुष्पाजी,” रत्नाकर सर म्हणाले. “लेव्हल चेक करा.”

मशीन सरळ होती. तिने नव्या बश्या दुसऱ्या भिंतीकडच्या मशीनमध्ये ठेवल्या. काही आडव्या, काही उभ्या. दोन दिवसांनी सगळ्यांतले तंतू पुन्हा त्याच दिशेला. दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला.

पुष्पा हिशेबी बाई होती. तिने काही बश्या शहराच्या दुसऱ्या भागात, मदनमहालजवळ, तिची मैत्रीण सत्यवती हिच्या प्रयोगशाळेत वाढवल्या. तिथे दिशा वेगळी आली. मग तिने शहराचा नकाशा काढला, फुटपट्टी घेतली आणि दोन्ही ठिकाणांहून दोन रेघा ओढल्या.

रेघा कांचघरला मिळत होत्या. पेन्सिलचं टोक तिच्या गल्लीवर आलं होतं.

सत्यवतीकडच्या बश्या तिने परत आणल्या, मोजून मशीनमध्ये ठेवल्या आणि त्या दिवशी लवकर घरी गेली. दार उघडंच होतं. लीलाबाई शेगडीजवळ उभी राहून पोळी शेकत होती.

“अशी काहून पाहून राहिली? पाह्यली नाही का कधी आई?”

“आई, तू... उभी?”

“सकाळपासून पायात जीव आल्यावानी वाटून राहिलं. मंग उठले. अच्छा, हात धू, गरम आहे तोवर खा.”

पुष्पाने उभ्यानेच पोळी खाल्ली. रडू आवरेना, म्हणून ती मोरीत जाऊन तोंड धूत राहिली. आईने अंड्यांना हात लावला नव्हता, प्रयोगशाळा पाहिली नव्हती. संबंध असणं शक्यच नव्हतं. हे तिने स्वतःला चार वेळा सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या जागी अठरा बश्या लावल्या.

नंतर छत्तीस. रत्नाकर सरांनी विचारलं, तर म्हणाली, आकडे पक्के करून राहिले.

लीलाबाई अंगणात गेली, मग किराण्याच्या दुकानापर्यंत. शेजारणी टाळ्या वाजवायच्या. तिसऱ्या आठवड्यात मात्र पुष्पाच्या लक्षात आलं की आई जेवतानाही बसत नाही. ताटली हातात घेऊन खोलीतल्या खोलीत फिरते. टाचा फुटल्या होत्या, फरशीवर रक्ताचे ठिपके होते.

“आई, बस ना जरा.”

“बसवत नाही, पुष्पे.” लीलाबाई भिंतीपर्यंत गेली, वळली. “बसलं का कोणी ओढल्यावानी होते. थकले मी. पण हे पाय काही माझं ऐकून नाही राहिले.”

त्या रात्री पुष्पाने काही ठरवलं नाही. ठरवलं ते सकाळी, आईच्या टाचांना पट्टी बांधताना, कारण पट्टी बांधतानाही तो पाय तिच्या मांडीवर चालत होता.

गुरुवारी दुपारी तिने सगळ्या बश्या टेबलावर मांडल्या. छत्तीस. दोनदा मोजल्या. एका बशीवर तिने शेवटची नजर टाकली. कोंबडीच्या स्नायूंचे तंतू कधीकधी फडफडतात, तसे ते सगळे एका लयीत फडफडत होते. मग तिने ब्लीचची बाटली उघडली. प्रत्येक बशीत ओतलं. भुकटीच्या नळीतही. तंतू ढगाळले आणि विरले.

घरी लीलाबाई जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. पाय समोर सैल पसरलेले. आता ते उचलवत नव्हते. पुष्पाने तिला कसंबसं खाटेवर घेतलं. आईला तिने काय दिलं आणि काय काढून घेतलं, याचा विचार तिला करवेना. तिने तेल कोमट केलं आणि पोटऱ्या चोळायला बसली.



“मी चालत होते ना,” लीलाबाई डोळे मिटून म्हणाली, “तवा कोणीतरी बोलावून राहिलं होतं मले. लय जण. लहान-लहान.”

पुष्पाचा हात थांबला. “काय म्हणत होते?”

“शब्द नव्हते त्याले. पण मले वाटे, ते मलेच आई समजून राहिले.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“आज दुपारी लय भेले बिचारे. मंग एकदम चूप झाले.”

पुष्पा पुन्हा पोटरी चोळू लागली.

“एक सोडून,” लीलाबाई म्हणाली, आणि हसली.

पुष्पाच्या बोटांखाली, त्या सैल पोटरीत, केसाएवढी एक बारीक दोरी बशीतल्या तंतूंसारखी फडफडली. थांबली. परत फडफडली.