‘येतो’ म्हणाले होते काका

देवदत्तकाका सरपोतदार म्हणजे सरळ रेघेवर चालणारा माणूस. ह्यूस्टनच्या रिफायनऱ्यांमध्ये टाक्यांच्या नि बॉयलरच्या भिंती मोजण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. भूतबित असलं काही त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. “मीटर काय दाखवतो ते सांग,” एवढंच म्हणायचे. निवृत्तीनंतर ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या घरात बसून रत्नाकाकूंच्या डोक्याला ताप नको, म्हणून त्यांनी खाडीकाठच्या एका छोट्या संग्रहालयाचं काम फुकट अंगावर घेतलं. तिथे धक्क्याला दुसऱ्या महायुद्धातली एक पाणबुडी बांधून ठेवली होती. तिचा पत्रा कुठे किती उरलाय ते काकांनी मोजायचं होतं.

बोट मध्यम वर्गातली. उथळ पाण्यात मोठी फसते आणि छोटीचा पल्ला पुरत नाही, म्हणून दोन्हींच्या मधल्या अशा सहा बहिणी युद्धाच्या घाईत बांधल्या. त्यातल्या चौघी परत आल्याच नाहीत. काका हिला ‘मधली’ म्हणायचे. तिची ड्रॉइंगं बघून मात्र त्यांचं डोकं फिरलं होतं. वजन वाचवायला मागच्या टॉर्पेडो दालनातून बाहेर पडायची वरची झडप चक्क गाळून टाकलेली. आत जायला एकच दार आणि बाहेर यायलाही तेच. ज्या टाकीत माणूस उतरतो तिला दोन तोंडं हवीत एवढी अक्कल नको का, असं ते ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या कुणा इंजिनिअरला रोज सुनवायचे.

ते दार आता वेल्ड करून बंद केलेलं होतं आणि काकांचं सामान त्याच्याच समोर असायचं. उन्हाळ्याच्या चिकचिकाटात दिवसभर मीटर फिरवायचा, पाच वाजले की पिशवी आवरायची आणि उंबरठा ओलांडताना सवयीने म्हणायचं, “येतो.” आपल्याकडे ‘जातो’ कुठे म्हणतात! समोर कुणी असो नसो, जीभ आपली वळते.

तिसऱ्या आठवड्यात त्या दारापलीकडून ठोके ऐकू आले. तीन. ऊन उतरलं की पत्रा आकसतो नि वाजतो, म्हणून काकांनी तापमान लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, तरी तीन ठोके पडलेच. मग त्यांनी रीतसर तपासणी लावली. एक दिवस न बोलता निघाले, तेव्हा शांतता. “बाय” म्हणून पाहिलं, तरी शांतता. “येतो” म्हटलं की मात्र तीन ठोके. त्यांनी हे वहीत नोंदवून खाली सही केली, कारण आकडा आवडला नाही म्हणून तो खोडायचा नसतो.

शेवटी त्यांनी डोरोथीला गाठलं. डोरोथी संग्रहालयाची व्यवस्थापक, सत्तरीची, मोजकं बोलणारी बाई. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तू नेमकं म्हणतोस तरी काय, असं विचारलं. काकांनी भाषांतर केलं, “आय ॲम कमिंग.” आणि स्वतःच्याच तोंडून ते ऐकून त्यांनी हातातली वही मिटली.

डोरोथीने कपाटातून बोटीच्या नोंदवहीची प्रत काढली. साल त्रेचाळीस. जवळच फुटलेल्या बाँबने मागच्या दालनातला पाइप फाटला, पाणी शिरलं आणि बोट वाचवायला दार लावून घ्यावं लागलं. आत तिघं राहिले. ते ठोकत होते, तीन-तीन ठोके. दाराच्या अलीकडे असलेल्या खलाशांनी हातोडीच्या ठरलेल्या ठोक्यांनी उत्तर दिलं, येतो. चार तासांत एकोणीस वेळा ‘येतो’ कळवल्याची नोंद होती. दार उघडलं ते एकदम बंदरात. तिघांना बाहेर काढून पुरलं, आणि ते दालन पुन्हा कुणी वापरलं नाही.

काकांनी आपली वही उघडली. त्यांचे स्वतःचे ‘येतो’ छत्तीस भरले.

त्याच आठवड्यात विश्वस्तांचा निर्णय आला. काकांच्याच आकड्यांवरून बोट धोकादायक ठरली होती. सोमवारी तिला ओढून नेऊन भंगारात कापणार होते. त्याआधी मागचं दार उघडू द्या, अशी काकांनी विनंती केली, तर विश्वस्तांच्या वकिलाने साफ नकार दिला. काकांना रात्रभर स्वतःची लाज वाटत राहिली. दार न उघडता बोट कापली, तर आपणही नुसतं कळवणाऱ्यांतलेच. सकाळी रत्नाकाकूंना सांगितलं, तेव्हा त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “शब्द दिलाय ना तुम्ही? मग वकिलाला कसले घाबरता.”

रविवारी दुपारी काका ग्राइंडर घेऊन हजर झाले. डोरोथीने किल्ली दिली आणि स्वतः वर डेकवर उभी राहिली.

वेल्ड सुटायला दीड तास लागला. काकांनी दार बोटभर उघडलं आणि शिस्तीप्रमाणे आधी हवेचा मीटर आत धरला. ऑक्सिजन जवळजवळ संपलेला. ते बरोबरच होतं. बंद जागेत गंज ऑक्सिजन खातो.

पण कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढतच होता. गंज तो सोडत नाही. तो श्वासातून येतो.

काकांना भीती वाटली. पण त्या बंद दाराचा राग त्याहून मोठा होता. त्यांनी दार भिंतीला टेकेपर्यंत ढकललं.

“आलो रे,” ते म्हणाले. “फार उशीर झाला, पण आलो.”

आत काहीच नव्हतं. गंज, कोरडी जमीन, रिकाम्या नळ्या. ठोकेही नाहीत.

त्यांनी सामान आवरलं. ‘येतो’ म्हणायचं नाही, असं जिभेला बजावलेलं होतं. उंबरठ्यावर तोंडातून निघालं ते, “चला.”

पार्किंगमध्ये गाडी सुरू केली तशी टुंग टुंग घंटी वाजायला लागली. मागे कुणी पट्टा न लावता बसलं की वाजते ती. डॅशबोर्डवर लाल दिवे तीन.

काकांनी आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

तेव्हा त्यांना आपला शब्द आठवला. निघताना आपण ‘चला’ म्हणतो. सोबत नेतानाही तेच म्हणतो.

उतरून पळता आलं असतं. पण या पोरांवर पुन्हा दार लावून घेणारा मी नव्हे, असं ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली.

फोन वाजला. रत्नाकाकू. “निघालात का? एकटेच आहात ना?”

“नाही,” काका म्हणाले. “तीन पानं जास्त मांड.”

फोन ठेवून, मागे न बघता, ते म्हणाले, “पट्टे लावा.”

खट्.

खट्.

मधल्या सीटचा पट्टा नेहमीच अडकतो. त्याला जरा वेळ लागला.