तिसऱ्या संध्याकाळचे उंडे

त्यांची बैलगाडी आमच्या दारात थांबली, ती दक्षिण दिशा वर्ज्य होती म्हणून. घर अशुभ दिशेला पडलं, की माणूस वाटेत दुसरीकडे मुक्काम करतो. आमच्या राजधानीची रीतच आहे ती. पाहुणे कोण, तर हिसानारि — दरबारातले कवी. गेल्या काव्यस्पर्धेत माझ्या कवितेला हरवणारे!

मी वेळूच्या पडद्याआड बसले. बाहेर जांभळ्या फुलांच्या घोसांवर भुरभुर पाऊस... आणि त्यांचा आवाज.

"हारिमा, अजून रागावलात?"

"छे! परीक्षकांना डुलकी लागली, त्याला तुम्ही काय करणार?"

ते हसले. ते हसू मला आवडलं, आणि आवडलं म्हणून स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गाडी. पुन्हा दक्षिण! पडद्याखालून माझ्या बाहीची कड बाहेर राहिली होती — राहिली की मी ठेवली, ते विचारू नका.

बाबांची बदली झाली होती, पार उत्तरेला, मुत्सु प्रांतात. परवा निघायचं होतं. बिनलग्नाच्या मुलीला मागे ठेवायला ते तयार नव्हते. महाराणींची सेवा, कविता, हे शहर, सगळंच सुटणार होतं. मी हे सांगितलं, तर हिसानारींनी उडून जाणाऱ्या बगळ्यांवर चार ओळी म्हटल्या. सुंदर होत्या. मला रडूच आलं.

तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच.

"आजही दक्षिण?"

"हो ना... काय करणार!"

"माझे आजोबा पंचांग करायचे. दक्षिण कालच मोकळी झाली."

"मग काल का नाही बोललात?"

"...काल बोलवेना."

ते खाकरले. "पहाटेचा चंद्र जसा—"

"चंद्र नको! उद्या मी चाललेय. सरळ सांगा, का आलात?"

तेवढ्यात दाई तबक घेऊन आली. तांदळाचे पांढरेशुभ्र उंडे!

"दाई! कुणी सांगितलं होतं तुला?"

"सांगायला कशाला हवं? सलग तिसरी संध्याकाळ आहे. मला डोळे आहेत, पोरी."

सलग तिसऱ्या संध्याकाळी पुरुषाने हे उंडे खाल्ले, की तो त्या घरचा जावई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू द्या हो... तुमच्यावर सक्ती नाही—"

त्यांनी एक उंडा तोंडात टाकला. हे उंडे दाताने तोडायचे नसतात. मग दुसरा. मग तिसरा! ज्यांच्या ओळी अख्खा दरबार मनात घोळवतो, त्यांच्या तोंडून आता शब्द फुटेना.

"जावईबापू, सावकाश!" दाई ओरडली.

पाणी द्यायला मी पडदा वर केला. आम्ही पहिल्यांदाच एकमेकांना पाहत होतो. ठसक्याने त्यांचे डोळे भरले होते, गाल फुगले होते, आणि मला ते फार फार आवडले.

"जाऊ नका," ते कसेबसे म्हणाले. "मला तुम्ही हव्या आहात."

"एवढंच? कविता नाही?"

"सुचतच नाहीये..."

मी वळले. "दाई, माझी गाठोडी सोड."